प्रार्थनेच्या वहीतले एक नाव

माझ्या प्रार्थनेच्या वहीत एक नाव गेली अकरा वर्षे ठाण मांडून बसले आहे, आणि ते माझ्या धाकट्या भावाचे आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्याजवळ कोणी राहायचे यावरून आमच्यात एकदा फार कडू बोलणे झाले, आणि त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. वही भरली की मी चालू विनंत्या नव्या वहीत उतरवून घेते. आजारी माणसे बरी होतात किंवा प्रभूकडे जातात, परीक्षा पार पडतात, कोणाचे तरी लग्न ठरते, आणि त्या त्या ओळीवर रेघ मारता येते. भावाचे नाव मात्र दर वेळी नव्या वहीत जाते.

परवा कपाट आवरताना त्यातली पहिली वही हाती लागली. 'प्रभू, त्याला त्याची चूक कळू दे. नाताळच्या आत त्याचा फोन येऊ दे. त्याने स्वतःहून क्षमा मागावी.' वाचून हसू आले आणि थोडी लाजही वाटली. काय व्हायला हवे, कधीपर्यंत व्हायला हवे आणि सुरुवात कोणी करायची, हे सगळे मी ठरवूनच टाकले होते. देवाने फक्त सही करायची, एवढेच बाकी ठेवले होते. खाली 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असेही लिहिले होते, कारण प्रार्थनेच्या शेवटी तसे म्हणण्याची सवय असते. पुढे जानेवारीतल्या एका पानावर 'आणखी किती दिवस?' एवढेच शब्द होते, आणि ते इतके दाबून लिहिले होते की मागच्या पानावर त्यांचे वळ उमटले होते.

त्या काळी असे विचारणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, असे मला वाटे. घरातले दुःख कोणाला सांगितले की समोरचा चटकन 'देवावर सोपवा' म्हणतो. त्यात माया असते, पण पुष्कळदा विषय संपवण्याची घाईही असते. नंतर केव्हातरी बायबलमधले स्तोत्र 13 नीट वाचले. अवघ्या सहा वचनांचे ते स्तोत्र, आणि त्याच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा देवाला चार वेळा 'कोठवर' म्हणून विचारतो. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याला कोणी इतक्यांदा विचारत नाही, हे तेव्हा कळले.

सोपवण्याविषयी मला सर्वांत जास्त शिकवले ते एका क्रियापदाने. बायबलच्या नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनात, आपली सारी चिंता देवावर टाका असे म्हटले आहे. तिथल्या 'टाका' या शब्दामागचे ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते: लूकच्या शुभवर्तमानात, येशू यरुशलेमेत प्रवेश करण्यापूर्वी त्याचे शिष्य त्याला बसण्यासाठी आपली वस्त्रे शिंगरावर टाकतात तिथे. हे कळल्यापासून ते वचन वाचताना माझ्या डोळ्यांपुढे शिंगराची पाठ येते. वस्त्र एकदा तिथे पडले की चालायचे शिंगराने. ज्याचे वस्त्र आहे त्याचे खांदे मोकळे. माझी अडचण अशी की मी संध्याकाळी वस्त्र टाकते आणि रात्री दोनला पाणी प्यायला उठले की ते परत उचलून खांद्यावर घेते. पूर्वी याचा मला फार राग येई. आता उठले तर पुन्हा टाकते; काही रात्री हे तीन-तीनदा होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. घरात मारहाण असेल, व्यसन असेल, कोणाचा जीव धोक्यात असेल, तर देवावर सोपवणे म्हणजे मुकाट्याने सोसत राहणे नव्हे. तिथे दार उघडून मदत मागणे हीच प्रार्थनेची पुढची पायरी आहे.

मुलाबाळांच्या काळजीने खचलेल्यांना चर्चच्या मंडळीत संत ऑगस्टिनची आई मोनिका हिची गोष्ट हमखास सांगितली जाते. आपला मुलगा ऑगस्टिन ख्रिस्ताकडे वळावा म्हणून तिने वर्षानुवर्षे अश्रू ढाळले. त्या गोष्टीतला मला आवडणारा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. इ. स. 383 मध्ये ऑगस्टिन कार्थेजहून रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती हट्ट धरून बसली होती. त्याने तिला थाप मारली आणि रात्री जहाज पकडले. ती मात्र किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात रात्रभर त्याला थांबवण्यासाठीच विनवणी करत होती. सकाळी जहाज गेलेले होते. पण त्याच प्रवासाने तो पुढे मिलानला पोहोचला, बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकू लागला, आणि 387 मध्ये त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची तिची विनंती मान्य झाली असती तर तिची खरी विनंती कदाचित अडून राहिली असती. अर्थात, ज्यांचे ऑगस्टिन परतले नाहीत अशा आयाही असणारच, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून ही गोष्ट मी दुसऱ्याला सांगायला कचरते. स्वतःला मात्र सांगते.

आता मला जवळचे वाटते ते स्तोत्र 131. जेमतेम तीन वचनांचे. त्यात आपला जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत झाल्याचे म्हटले आहे. तान्हे मूल आईच्या कुशीत शिरते ते भुकेने, आणि दूध मिळेपर्यंत घर डोक्यावर घेते. दूध तुटलेले मूल मात्र काही न मागताही आईला टेकून बसते. हे तुटणे काही सुखाने होत नाही, हे मूल वाढवलेल्या कोणालाही विचारावे. चार-आठ रात्री रडण्यातच जातात, आणि आईने आपल्याला टाकले असेच बाळाला वाटत असणार. माझे ते रडणे काही वर्षे चालले.

त्यातून वहीतली वाक्ये बदलत गेली. कोणत्या वर्षी ते सांगता येणार नाही, पण 'त्याला चूक कळू दे' कमी होऊन 'त्याला सुखरूप ठेव' सुरू झाले, आणि एके दिवशी त्याच्या नावाखाली मी माझेही नाव लिहिले. तोवर त्या भांडणातली मी प्रार्थना करणारी होते. जिच्यासाठी प्रार्थना व्हायला हवी अशी नव्हते. वडिलांच्या खाटेशी उभी राहून मी त्याला काय बोलले होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा जसेच्या तसे वहीत उतरवले. लिहायला तीन ओळी पुरल्या.

गेल्या महिन्यात त्याच्या वाढदिवसाला मी त्याला संदेश पाठवायला बसले. आधी भला मोठा लिहिला, त्यात माझी बाजू होती. तो पुसला. मग 'वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होते' एवढेच लिहून पाठवले. थोड्या वेळाने त्याने वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही. रात्री निवांत झोप लागली असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. दोनला उठले, पाणी प्याले, फोन उघडून पाहिला, आणि वस्त्र पुन्हा शिंगरावर टाकून झोपले.