क्रूझला निघताय? आधी व्हिसाचं बघा

ग्रीसच्या बेटांची क्रूझ करून आलो, फोटो सावकाश टाकेनच, पण आधी कागदपत्रांबद्दल लिहितो कारण बुकिंग करताना सगळं लक्ष केबिनला बाल्कनी आहे का यातच जातं.

आमचा रूट होता अथेन्सजवळचं पिरेयस बंदर, मिकोनोस, मग तुर्कस्तानातलं कुशादासी आणि तिथून परत ग्रीसमधे पाटमोस, सॅन्टोरिनी. नकाशावर सगळं एकमेकांना खेटून दिसतं. पण ग्रीस शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) आहे, तुर्कस्तान नाही, म्हणजे कुशादासीला गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात आणि पाटमोसला पुन्हा आत, सिंगल एंट्री व्हिसा असेल तर तो बाहेर पडल्यावर संपलाच की! म्हणून मल्टिपल एंट्रीच मागायचा आणि अर्जाला क्रूझचं बंदरवार वेळापत्रक जोडायचं, म्हणजे का हवाय ते त्यांना कळतं. व्हिसा हातात आला की स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात काय छापलंय ते तिथल्या तिथे बघा, ‘मल्ट’ पाहिजे. तुर्कस्तानचं वेगळं, ते तुमचा पासपोर्ट कुठला यावर. आणि आम्ही तिथे उतरणारच नाही, जहाजावरच थांबू, असं म्हणून भागेलच असं नाही हं, कागद अपुरे असतील तर क्रूझवाले पहिल्याच बंदरावर अडवू शकतात.

पासपोर्टची मुदत शेंगेनच्या नियमाने परतीनंतर ३ महिने लागते पण बऱ्याच क्रूझ कंपन्या ६ महिने मागतात, तेव्हा ६ धरूनच चाला. व्हिसासाठी ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा.

टर्मिनलवर आमच्या पुढे एक बाई होत्या, तिकिटावर लग्नानंतरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं. लग्नाचा दाखला जवळ होता म्हणून निभावलं, तरी रांग सोडून बाजूला उभं राहावं लागलंच त्यांना, वाईट वाटलं बघून. नाव पासपोर्टवर आहे तस्संच बुकिंगला द्या.

मोठ्या बॅगा खालीच घेतात आणि केबिनवर यायला कधी कधी संध्याकाळ होते, त्यामुळे पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास, औषधं सगळं खांद्यावरच्या पिशवीत. काही जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनला जमा करून घेतात, आमचेही घेतले, घाबरू नका, पण बंदरावर फिरायला उतरताना क्रूझ कार्डाबरोबर पासपोर्टची झेरॉक्स असू द्या. मुलाबरोबर आईवडिलांपैकी एकच जण जात असेल तर दुसऱ्याचं नोटराइज्ड संमतीपत्र आधीच करून ठेवा.