पेन टेकवलं की कॅमेरा गरगर

बडोद्यात दांडिया बाजारात राहतो, तांबेकर वाडा घरापासून चालत जाण्याइतका जवळ, लहानपणापासून तिथली भिंतीवरची जुनी चित्रं बघत आलोय. म्हणून सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटा गेम करतोय, तशाच एका वाड्यात फिरायचं, मान वळवून चित्रं बघायची, बस एवढंच.

मागच्या रविवारी मावसबहीण आली. ताई चित्रं काढते, मनगट दुखतं म्हणून माउस सोडलाय, सगळं पेन टॅबलेटवरच. तिने पेन टेकवलं मात्र, कॅमेरा भोवऱ्यासारखा फिरायला लागला, घडीत छत घडीत फरशी. "अरे बंद कर, चक्कर येतेय मला," म्हणाली आणि पेन खाली ठेवलं. मला फार लागलं ते, कारण हा गेम तिच्यासारख्या लोकांसाठीच तर करतोय!

रात्री लॉग, म्हणजे गेमकडे आलेल्या आकड्यांची नोंद, काढून बघितला. ३२८०१, ३२८०३, ३२८०६. म्हणजे पेन जेमतेम दोन-तीन आकडे सरकत होतं आणि माझा कोड दर वेळेला बत्तीस हजार सरकलं असं धरून मान फिरवत होता. गोष्ट अशी आहे की माउस सांगतो "मी एवढा सरकलो" आणि पेन सांगतं "मी इथे आहे". विंडोजच्या रॉ इनपुटमध्ये (माउस-पेनकडून गेमला थेट मिळणारे आकडे) दोन्ही एकाच रकान्यात येतात, फक्त एक फ्लॅग (छोटी खूण) वेगळा असतो, अ‍ॅब्सोल्यूटचा, आणि तो असला की आकडा ० ते ६५५३५ मधली जागा असते. मी तो फ्लॅग कधी बघितलाच नव्हता, माउसवर सगळं नीट चालायचं ना. रिमोट डेस्कटॉपवरून (दुसऱ्या संगणकावरून जोडून) खेळणाऱ्यांनाही नेमका हाच त्रास होतो.

मग फ्लॅग असेल तर आधीची जागा वजा करायची, ६५५३५ ने भागून स्क्रीनच्या रुंदीने गुणायचं (व्हर्च्युअल डेस्कटॉपचा फ्लॅग असेल तर सगळ्या स्क्रीन मिळून जी रुंदी होते ती घ्यायची). झालं असं वाटलं, पण पेन उचलून दुसरीकडे टेकवलं की परत झटका, कारण आधीची जागा जुनीच लक्षात राहिलेली. पेन रेंजच्या बाहेर गेलं हे विंडोजचे पॉइंटर मेसेज सांगतात, तेव्हा जुनी जागा विसरून जायची आणि परत आल्यावरची पहिली नोंद नुसती लिहून ठेवायची, कॅमेरा हलवायचा नाही. आता टॅबलेटची कड आली की पेन उचलून मधे ठेवता येतं, माउस उचलून ठेवतो तसंच.

हे करताना अजून एक सापडलं. १००० हर्ट्झचा (सेकंदाला हजार नोंदी देणारा) माउस सेकंदाला ६० फ्रेम असताना एका फ्रेममध्ये सोळा-सतरा नोंदी देतो, मी शेवटचीच घेत होतो. सगळ्यांची बेरीज करा, आणि तिला डेल्टा टाइमने (आधीच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने) गुणू नका, सरकलेलं अंतर आधीच त्या फ्रेमचं असतं. कितीतरी ट्युटोरियलमध्ये गुणतात, कृपा करून तेवढं उचलू नका.

काल ताई परत बसली. पेनचा स्पीड माउसपेक्षा वेगळा हवा म्हणाली, म्हणून वेगळा स्लायडर दिला, तिने तो ०.६ वर आणला आणि जिन्यापाशी मान वर करून कितीतरी वेळ एकाच चित्रासमोर थांबली. मग म्हणाली, "ह्याचा निळा जरा फिका आहे रे."