हक्कसोड आणि खुशी

आज पुन्हा तोच प्रश्न मनात घोळतोय. बहिणीने भावासाठी जमिनीतला हिस्सा सोडला, तर ती तिची निवड मानायची का? मी मानते. काय निवडावं हे स्त्रीवादाने बाईला सांगू नये, निवडता येईल अशी स्थिती मात्र नक्की मागावी. पण हक्कसोडपत्राच्या मसुद्यात 'स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' ही ओळ आधीच टाईप केलेली असते. खुशी होती की नाही, ते कागदांच्या क्रमावरून जास्त कळतं.

वडील गेल्यावर आधी वारस नोंद व्हायला हवी. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. मग फेरफाराची, म्हणजे नोंद बदलण्याची, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. गडबड बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रातच होते, लेकींची नावं त्यात लिहिलीच जात नाहीत. नाहीतर नावं लागतात, पण कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न लागता 'इतर अधिकार'च्या रकान्यात. जुन्या उताऱ्यांवर हे सर्रास दिसतं. म्हणून मंजुरीनंतरचा सातबारा बहिणीने स्वतः काढून वाचावा.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. लग्न कधी झालं यानेही फरक पडत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत वेगळी, ती ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. हा फरक माहीत नसताना केलेल्या सहीला मी निवड म्हणणार नाही.

नाव लागल्यावर मधे काही महिने जाऊ द्यावेत. वारस नोंद आणि हक्कसोड एकाच खेपेत उरकायची घाई कुणाची आहे, हे नीट पाहावं. मसुदा दोन दिवस आधी घरी मागून घ्यावा. त्यात कोणते गट नंबर, किती क्षेत्र, विहिरीतला हिस्सा आणि गावठाणातलं घर धरलंय का, आणि हक्क नेमक्या कुणाच्या लाभात सुटतोय, हे तपासावं. एका भावाचं नाव घालून दुसऱ्याला डावलल्याने पुढे दावे उभे राहतात. सगळं सोडायची सक्तीही नाही. एक गट ठेवून बाकीचे सोडता येतात.

नोटरी केलेल्या स्टँपपेपरवरच्या हक्कसोडीने स्थावरातला हिस्सा जात नाही, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. तिथे फोटो आणि अंगठा घेतात, दस्त मान्य आहे का विचारतात. नाही म्हणायची ती शेवटची सोपी जागा. एकदा नोंदला की तो मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं, तेही ती कळल्यापासून 3 वर्षांच्या आत.

आणखी एक गोष्ट घरात क्वचितच कुणी बोलतं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला सहसा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. माहेरच्या सातबाऱ्यावरून नाव गेलं आणि दुसरीकडे कुठेच नसलं, तर तिला स्वतःच्या पैशाने एकरभर रान घेणंही अवघड होतं. दहा-वीस गुंठे नावावर ठेवले तर ती वाट उघडी राहते, आणि भावालाही त्याचा फारसा भार होत नाही.