स्वभाव म्हणून सांभाळलेली भीती

मिरजेतल्या मनोविकारतज्ज्ञांकडे मी गेले ती उदासीनतेसाठी. लोकांची भीती वाटते हे सांगण्याचा विचारही नव्हता, कारण तो आजार असू शकतो हेच मला ठाऊक नव्हते. तो माझा स्वभाव होता. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि शाळेतल्या बाईंनीही तसे ठरवून टाकले होते. ‘पोरगी भारी गरीब, मान वर करून बघत नाही,’ असे आमच्या गल्लीत कौतुकाने म्हटले जाई. मुलगा असते तर कोणी काळजी तरी केली असती. मुलीच्या बाबतीत हेच दुखणे गुण म्हणून खपून जाते.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी हिशेब लिहिते. हळदीच्या हंगामात शेतकऱ्यांचे फोन सारखे येतात: पट्टी झाली का, वजन किती भरले, पैसे कधी मिळणार. उत्तरे माझ्या समोरच्या वहीतच असत. तरीही फोन वाजला की तळहातांना घाम सुटे, आणि काहीतरी खाली पडल्याचे निमित्त करून मी टेबलाखाली वाकत असे. तोवर शेजारचे दिवाणजी फोन उचलत. एखादा फोन घ्यावाच लागला, तर त्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्याची उजळणी रात्री दोन दोन तास चाले. आवाज कापला का, समोरचा हसला का, ‘दादा’ म्हणायचे ते ‘काका’ का म्हटले.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या वेळी, सगळ्या बायका ‘नाव घे’ म्हणून मागे लागल्या. उखाणा आठ दिवस घोकला होता. तोंड उघडले, पण शब्द फुटेना, आणि हातातल्या तबकातली वाटी खडखडू लागली. ‘लाजली गं बाई,’ म्हणून सगळ्या हसल्या आणि विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नाही. पुढची दोन वर्षे प्रत्येक आमंत्रणाला मी ‘अडचण आहे’ असे सांगून घरी राहिले. एकदा एकाच महिन्यात दोनदा तेच सांगितले, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी सुखात होते, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. कोणाकडे जाणे नाही, कोणी येणे नाही. पण टाळण्याने मिळालेला आराम पुढच्या भीतीचे खत ठरतो, हे निर्बंध उठल्यावर कळले. आधी निदान भाजी आणायला जात होते, तेही सुटले. मैत्रिणींचे फोन बंद झाले, आणि मग हळूहळू कशातच गोडी उरली नाही. पहाटे तीनला जाग येई. निवडायला घेतलेली मेथीची जुडी तासभर मांडीवर तशीच राही. ‘अशक्तपणा’ म्हणून एका दवाखान्यात इंजेक्शनांचा कोर्स झाला. एका रात्री मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर तीनदा फोन लावून तीनदा कट केला. ज्याला फोनचीच धास्ती, त्याने मदतीसाठी फोन करायचा, ही गंमत तेव्हा सुचली नव्हती. चौथ्यांदा बोलले, आणि त्यानंतर मिरज गाठली. मिरजच निवडली, कारण तिथे ओळखीचे कोणी भेटण्याची शक्यता कमी होती.

डॉक्टरांनी गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, आणि मग विचारले, ‘हे सुरू होण्याआधी तुम्ही लोकांत मिसळत होतात का?’ मी ‘नाही, माझा स्वभावच तसा आहे’ म्हणाले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. सामाजिक भयगंडाची, म्हणजे लोकांच्या या भीतीची, सुरुवात बहुधा किशोरवयात होते, आणि दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असतील तर पुष्कळदा ही भीती आधी, उदासीनता कित्येक वर्षांनी मागून येते, असे त्यांनी समजावले. नैराश्यात माणसाला भेटण्याची इच्छाच मरते. भयगंडात इच्छा असते, धीर नसतो. मला दोन्ही होते, म्हणून कशाने काय होते ते उमगत नव्हते. अमेरिकी मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत या भयगंडाला १९८० पासून स्वतंत्र जागा आहे, हे ऐकून मला विलक्षण हायसे वाटले. माझ्या जन्माआधीच त्याला नाव मिळाले होते.

गोळ्यांचा परिणाम जाणवायला पाच-सहा आठवडे लागले. झोप लागू लागली, मेथी निवडून होऊ लागली. फोनची धडधड मात्र तशीच होती. तिच्यासाठी समुपदेशक बाईंकडे दर आठवड्याला जाणे सुरू झाले. त्यांनी मला तीन मिनिटे बोलायला लावून मोबाइलवर चित्रण केले आणि ते पाहण्याआधी विचारले, आवाज किती कापला असेल? मी दहापैकी नऊ सांगितले. पडद्यावर दिसलेल्या बाईचा आवाज फार तर तीन गुणांचा कापत होता. मला आतून जेवढे जाणवते तेवढे बाहेर दिसत नाही, हे डोळ्यांनी पाहीपर्यंत मी कोणाच्याही सांगण्याने मानले नसते.

मग भीतीची पायरी-पायरीने उतरंड लिहिली. दिवाणजींच्या आधी फोन उचलणे खालच्या पायरीवर होते; ते महिन्याभरात जमले. उखाणा सगळ्यात वर आहे, अजून तिथे पोहोचलेले नाही. मधली एक पायरी अशी होती, की भडंगाच्या दुकानात जायचे, चव पाहायला मागायची, आणि काहीही न घेता परत यायचे. पहिल्या दिवशी मी अर्धा किलो घेऊन आले. दुसऱ्या वेळी पाव किलो, शिवाय वर चिवडा. बाई म्हणाल्या, पुन्हा जा, आणि धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबा. घरातले दोन डबे भडंगाने भरले.

पाचव्या खेपेला मी चव पाहिली, ‘आज नको’ म्हणाले, दुकानदाराने ‘बरं ताई’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली, आणि मी रिकाम्या पिशवीने घरी आले. सासूबाई दारातच भेटल्या.

‘आज भडंग नाही आणलंस?’