दिल्ली–लेह: सव्वा तासाच्या आकड्यावर बेत आखू नका

दिल्ली ते लेह हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर, विमानाला सव्वा ते दीड तास. आकडा खरा आहे. पण "सकाळी पोचताय, दिवस मोकळाच की!" म्हणत आमच्या कोल्हापुरातल्या टूरवाल्यानं पहिल्याच दुपारी शांतिस्तूप, लेह पॅलेस आणि बाजार कोंबला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून २३७ मीटरवर, लेहचा ३,२५६ मीटरवर. सव्वा तासात तीन हजार मीटर वर! उतरल्यावर बहुतेकांना काही वाटत नाही, आणि तिथंच फसायला होतं. दुपारी स्तूपाच्या पायऱ्या निम्म्या चढलो असू, आमच्यातला सगळ्यात दणकट गडी, दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारा, कठडा धरून खाली बसला. ओठ निळसर, डोकं ठणकतंय, पाण्याचा घोटही पोटात ठरेना. दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला तेव्हा कुठं चेहऱ्यावर रंग आला.

तालीम, ट्रेक, रंकाळ्याच्या फेऱ्या यांचा इथं काही उपयोग नाही. विरळ हवा दमसास बघत नाही. पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा आणि पहिला दिवस तर निव्वळ झोपून. दारू नाही, मटणावर ताव नाही, पाणी भरपूर. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला, तर सकाळपर्यंत थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

माझं स्पष्ट मत: सुट्टी असेल तर जाताना श्रीनगरवरून रस्त्यानं जा. सव्वाचारशे किलोमीटर आहे, पण कारगिलला २,६७६ मीटरवर मुक्काम होतो, शरीर सवय करून घेतं. विमान येताना घ्या.

तिकीट सकाळच्या पहिल्या विमानाचंच काढा. दुपारी डोंगरातला वारा वाढतो, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळीच असतात, आणि हवा बिघडली की सरळ रद्द. आमचं परतीचं रद्द झालं. दिल्ली–पुणे तिकीट वेगळं काढलेलं, त्याचे पैसे बुडाले. पुण्यापासून पुढं कोल्हापूरची ठरवलेली गाडीही गेली. तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा, नाहीतर दिल्लीत एक रात्र मोकळी ठेवा. टर्मिनलही बघून घ्या, १ आणि ३ मध्ये काही किलोमीटरचं अंतर आहे.

नुब्रा खोरं, पँगाँग सरोवर उत्तम झालं, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. टॅक्सीचे दर युनियनचे ठरलेले असतात, दरपत्रक बघूनच बसा. आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही. ग्रुपमध्ये एकाकडं तरी पोस्टपेड हवंच.