आंब्याच्या वाडग्यातला खिळा

वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, चढला की माझं अर्धं काम कान करतो. लाकूड नीट सोललं जात असलं की एकसारखी सरसर ऐकू येते. त्या दिवशी सरसर चालू असतानाच ‘टक्’ झालं, ठिणगी उडाली आणि गोल पटाशीनं मनगटाला असा हिसका दिला की मी आधी लेथ बंद केला, मग शिवी दिली.

लाकूड आंब्याचं. पुण्यात शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या मागचं झाड मे महिन्यात वळवाच्या पावसात आडवं झालं. काकूंनी ओंडके टेम्पोत घालून नऱ्ह्याला माझ्या शेडवर धाडले. “पाच वाडगे करा, दिवाणखान्यात ठेवायला.” टिंबर मार्केटातले वखारवाले घरचं झाड कापायला कुरकुरतात, कारण आत काय निघेल आणि करवतीचं पातं कधी जाईल याचा नेम नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

ओलं लाकूड एका दमात कातून चालत नाही. खोडातल्या वाढीच्या कड्यांच्या अंगानं ते आक्रसतं ते गाभ्याच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट, त्यामुळे आज गोल असलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो, नाहीतर तडकतो. म्हणून दहा इंची वाडग्याची भिंत इंचभर जाड ठेवली, कागदात गुंडाळून फळीवर टाकले. दर रविवारी वजन करायचं, बुडावर पेन्सिलीनं लिहायचं. आकडा उतरायचा थांबला तेव्हा डिसेंबर उजाडला होता, मग वाडगे पुन्हा लेथवर.

एका वाडग्यावर निळसर काळा पट्टा होता. मला वाटलं बुरशी. पावसाळ्यात आंबा निळा पडतोच. माझं चुकलं ते तिथं. हिरड्याला लोखंड लागलं की काळा रंग उतरतो ना, तसंच लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड ओलीत भेटलं की होतं. पट्टा खिळ्याचा होता.

काकूंना फोन केला, तर तासाभरात रिक्षानं हजर. चष्मा वर करून बघितलं.

“हा दोरीचा खिळा. मामंजींनी मारलेला. धुणं वाळत घालायला. आमच्या जाऊबाईंनी त्यावरून केवढं रामायण केलं होतं!”

खिळा चांगला चार बोटं आत गेला होता, म्हणजे झाडानं गिळलाच. आंब्याच्या कड्या मोजून साल सांगता येत नाही. जाऊबाईंच्या रामायणावरून काकूंनी ते ६८ ठरवलं.

ऑक्झॅलिक ॲसिडनं डाग फिका करता आला असता. मला तो तसाच बरा वाटत होता, आणि काकूंनाही. जवसाचं तेल, वर मेण, एवढंच करायचं ठरलं. यात आमटी-ताक घालू नका, असंही सांगून झालं.

जाताना त्या दारात थांबल्या. “पण डाग आहे म्हणजे सेकंडचाच माल ना? मग याचे किती कमी?”

शंभर रुपये सोडले. पटाशीचा खांडा काढून पुन्हा धार लावण्यात संध्याकाळ गेली, ती वेगळीच.