पाणी उतरलेला कोयता

मे संपत आला की आमच्या खानापुरात भट्टी थंड होत नाही. पाऊस तोंडावर आलेला असतो, त्याआधी कुंपण घालायचं, फणस उतरायचे, बांधावरची झुडपं तोडायची. अशा गर्दीत जांबोटीकडच्या एक मावशी लेकाला घेऊन आल्या आणि पिशवीतला कोयता त्यांनी ऐरणीवर ठेवला.

"तुझ्या बानं केलेला हाय बघ. आधी एका घावात फांदी पडायची, आता नुसता ठेचाय लागलाय. दोनदा धार लावून घेतली ओ!"

मुठीजवळ बाबांची तीन ठिपक्यांची खूण होती. ट्रकच्या पाट्याचं पोलाद. पातं उजेडात तिरकं धरलं तर धारेलगत बोटभर रुंद निळा पट्टा दिसला, आणि काठ निळ्याच्याही पुढे जाऊन राखाडी पडलेला. कुणीतरी विजेच्या कोरड्या चाकावर दाबून धरला होता. 300 अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं. त्याच्याही पुढे तापलं की धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच म्हणायचं. कानस फिरवली तर ती काठात सहज शिरली. मला वाईट वाटलं.

पट्टा अरुंद असता तर ओल्या दगडावर तेवढाच घासून काढला असता. इथं एवढं पोलाद काढलं असतं तर कोयत्याची कोयती झाली असती. म्हणून मूठ काढली आणि पातं कोळशात घातलं.

बाबा दारावर गोणपाट ओढून अंधार करत आणि लाल रंग बघूनच ताव ओळखत. मी शेजारी चुंबकही ठेवतो. 770 अंशांच्या आसपास पोलाद त्याला चिकटायचं थांबतं. त्यावर थोडा आणखी ताव दिला आणि धार खाली ठेवून पातं सरळ तेलात सोडलं. तिरकं गेलं तर वाकतं.

तेलातून निघालेलं पातं कडक असतं, पण काचेसारखं तुटतं. तो ठिसूळपणा घालवायला ते घासून चकचकीत केलं आणि त्याची पाठ तापलेल्या जाड पट्टीवर टेकवली. रंग पाठीकडून धारेकडे सरकू लागले. निळा, जांभळा, तपकिरी, सगळ्यात पुढे फिकट पिवळा. तेवढा वेळ मी कुणाशी बोलत नाही. तपकिरी धारेला पोचला आणि कोयता पाण्यात बुडवला.

बाभळीची मूठ पुन्हा बसवली, ओल्या दगडावर धार काढली. लेकाला जवळ बोलावून सांगितलं, "फणसाचा चीक पाण्यानं निघत नाही, तेलाच्या बोळ्यानं पूस. कोरडा करून खोबरेल लाव. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, ओल धरून गंजतो. आणि कोरड्या चाकावर परत नेऊ नकोस."

मावशींनी दाराशी पडलेली करंजाची फांदी उचलून लेकापुढे धरली. त्यानं एकच घाव घातला. मावशींनी दोन्ही तुकडे उचलून कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग पिशवीतून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि माझ्याकडे तेल मागितलं.